सोमाजीचं चालणं

बुटाची नाडी सुटली म्हणून गोपाल खाली वाकला, एवढंच झालं. नाडी बांधून वर पाहतो तर सोमाजी पुढे निघून गेलेला. थोडाथोडका नाही, चांगला वीस-पंचवीस पावलं पुढे, आणि मागे वळून पाहण्याची त्याला गरजही वाटलेली नव्हती. जानेवारीतल्या सकाळी रामाळा तलावाकाठच्या बागेत धुकं कुठं संपतं आणि धूर कुठं सुरू होतो हे मुरलेल्या चंद्रपूरकरालाही सांगता येत नाही. त्या राखी रंगातून आपल्या थोरल्या भावाची पाठ डुलत डुलत लांब चाललेली गोपालने पाहिली आणि त्याच्या मनात एक वाक्य आलं. मग याला कशाला पाहिजे? वाक्य आलं तसं त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. चोराच्या मनात चांदणं. बाकड्यावर एक निवृत्त मास्तर कानटोपी घालून टाळ्या वाजवत बसले होते, दोन बाया कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत चालल्या होत्या, आणि गोपालकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

याला म्हणजे सोमाजीला, आणि पाहिजे म्हणजे किडनी. गोपालची, डावीकडची. सोमाजीच्या दोन्ही निकामी झाल्याला वर्ष होत आलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास त्याला डायलिसिसच्या मशीनला जोडून ठेवायचं, आणि तेवढ्यासाठी तो आरमोरीजवळचं गाव, गावचा तलाव, डोंगा, जाळी आणि बायको गिरजा यांना तिथंच सोडून चंद्रपुरात गोपालच्या दोन खोल्यांत येऊन राहिला होता. बावन्न वर्षांचा माणूस, जातीचा ढिवर, सगळी हयात पाण्यात गेलेली, आणि आता दिवसाला मोजून एक लिटर पाणी. गिरजाचा रक्तगट जुळला नाही. आईबाप कधीच गेलेले. 'घरात आणखी कोण आहे?' असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोलीत चार माणसं होती, चौघांनीही खाली फरशीकडे पाहिलं, आणि त्या शांततेला वैतागूनच की काय, गोपाल म्हणाला, "मी आहो ना." म्हणाला आणि त्याचं त्यालाच इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. गिरजाने त्याचे पाय धरले. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात, जिथं तो अठरा वर्षं कारकून होता, साहेब खुर्चीवरून उठले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, याला म्हणतात भाऊ. चहाच्या टपरीवर, सासुरवाडीत, समाजाच्या मेळाव्यात, सगळीकडे त्याचं नाव झालं. शब्दाचा मान घेऊन झाला होता; शब्द तेवढा पाळायचा राहिला होता.

आणि तपासण्या सुरू झाल्या तसं एक चमत्कारिक दुखणं त्याच्या मागे लागलं. दुखत काहीच नव्हतं. पण नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर त्याच्या पोटाचा फोटो दाखवून 'ही बघा, ही आपण घेणार' असं म्हटल्यापासून ती डावी किडनी त्याला जाणवायला लागली. सेहेचाळीस वर्षं ती होती आणि नव्हती. आता ती खुर्चीत बसताना असायची, अंघोळीला पाणी ओतताना असायची, कुशीवर वळलं की अंगाखाली यायची. हलणाऱ्या दाताला जीभ जाते तसा त्याचा हात बरगडीखाली जायचा. बायको ज्योत्स्ना पाहायची आणि नजर वळवायची. तिने कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फक्त त्याच्या ताटात हल्ली एक चमचा तूप जास्त पडायचं. गोपालला ते तूप गिळवत नसे. बोकडालाही आधी चांगलंचुंगलं खाऊ घालतात, असलं काहीतरी त्याच्या मनात यायचं, आणि मग तो स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि शिव्या घालून झाल्या की पुन्हा हात बरगडीखाली.

तर त्या सकाळी सोमाजी पुढे निघून गेला. हा चालण्याचा उद्योग रुपालीने लावून दिलेला. रुपाली म्हणजे डायलिसिस सेंटरमधली फिजिओथेरपीची पोरगी, गडचांदूरची. मशीनवर पडलेल्या माणसांच्या पायांशी ती पलंगावर एक लहानसं पायडल आणून ठेवायची आणि 'मारा काका, सायकल मारा' म्हणत अर्धा अर्धा तास त्यांच्याकडून पाय हलवून घ्यायची. नोव्हेंबरात तिने सोमाजीला दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवून सहा मिनिटं चालवलं होतं. एकशे नव्वद मीटर, मध्ये दोनदा भिंतीला टेकून. तिने गोपालला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भाऊ, यांना रोज चालवा. दमले की थांबवा, पण चालवा. पाय सुधारतील, झोप सुधारेल, मनपण सुधारते. ऑपरेशनच्या आधी अंगात ताकद असली तर चांगलंच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा, यानं किडनी नाही सुधरत." गोपालने मान डोलावली होती. त्यातली पहिली तीन वाक्यं त्याला त्या जानेवारीच्या सकाळी एकदम लख्ख आठवली, आणि शेवटचं काही केल्या आठवेना.

त्या दिवसापासून गोपालला चालण्याचं वेड लागलं. स्वतःच्या नव्हे, सोमाजीच्या. साडेपाचलाच तो भावाला हलवून उठवायचा. एका चकरेच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. त्याने मोबाइलवर पावलं मोजायचं ॲप घेतलं आणि तो मोबाइल सोमाजीच्या खिशात ठेवला. मशीनच्या दुसऱ्या दिवशी सोमाजी पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखा व्हायचा, पिंढऱ्यांना गोळे यायचे, तोंडाला कोरड पडायची, तरी गोपाल म्हणायचा, "चल भाऊ. बसला का बसलाच." सोमाजी बाकड्याकडे पाहायचा. गोपाल बाकडं आणि त्याच्यामधून चालायचा. हे सगळं तो प्रेमाने करायचा, हीच तर मेख होती. पाहणाऱ्याला प्रेमच दिसायचं आणि अर्ध्या वाटेपर्यंत गोपाललाही ते प्रेमच वाटायचं. टाळ्या वाजवणारे मास्तर एकदा उठून मुद्दाम जवळ आले आणि म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. "हाव ना गुरुजी," सोमाजी धापा टाकत म्हणाला, "माह्या पोटच्या पोरानं केलं नसतं." पोटचं पोर त्याला नव्हतंच. गोपालने घड्याळात पाहिलं आणि तिसऱ्या चकरेकडे बोट केलं.

त्याला करायचं काय होतं, हे त्याने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नाही. कारकून माणूस, नकार द्यायचा तर कागद लागतात हे त्याला ठाऊक. अठरा वर्षांत त्याने कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, फायलीला म्हणायला लावलं होतं. तसंच इथंही एक एक कागद आपोआप तयार होईल, सोमाजीचे मीटर वाढतील, चेहऱ्यावर तेज येईल, आणि एक दिवस सगळेच म्हणतील, अरे, हा तर ठणठणीत आहे, मशीनवर चाललंय की छान, कशाला पोटं फाडता दोघांची? गोपालने म्हणायचंच नाही. दुसऱ्यांनी म्हणायचं, आणि गोपालने वाईट वाटून घ्यायचं. या स्वप्नात तो इतका रमायचा की ऑफिसात समोर उभ्या माणसाला दोनदा हाक मारावी लागायची.

फेब्रुवारीत रुपालीने एक छापील प्रश्नावली दिली. आजारी माणसाचं जगणं कसं चाललंय ते मोजायची. सोमाजी सहीपुरता शिकलेला, म्हणून ती गोपालने घरी वाचून भरायची होती. दोघे भाऊ बाजेवर बसले. ज्योत्स्ना आत भाजी दोनदा उकळून पाणी फेकत होती, सोमाजीच्या पथ्याची. "मागच्या चार आठवड्यांत गळून गेल्यासारखं किती वेळा वाटलं?" गोपालने वाचलं. "रोजच वाटते ना बाप्पा," सोमाजी म्हणाला, "मशीनवरून उतरलो का अंगातला जीव त्या डब्ब्यातच राह्यला असं वाटते." गोपालने 'कधीकधी'वर खूण केली. "तहानेचा त्रास?" सोमाजी हसला. "तहानेचं कायले विचारते? सपनात आपला तलाव येते. तोंड लावून पेतो, पेतो, अन् उठतो तं जीभ टाळूले चिकटून." गोपालने 'थोडाफार'वर खूण केली. पेन थरथरलं नाही की काही नाही. अठरा वर्षांची सवय. मग पुढचा प्रश्न आला, आणि तो त्याने जरा घाईने वाचला. "आपण घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं का?" सोमाजीने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ज्योत्स्नाले नको सांगू. वाटते गा. लय वाटते." गोपालने 'कधीच नाही'वर खूण केली. आता ही खूण त्याने कशासाठी केली, डाव म्हणून की माया म्हणून, हे कुणी त्याला गळ्याला सुरी लावून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. कागद घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला, आणि ज्योत्स्नाने बेचव भाजी आणून दोघांच्या मध्ये ठेवली.

रुपाली खूश झाली. "काका, केवढा फरक आहे हो!" सोमाजीला वाटलं परीक्षा होती. "पास का?" त्याने विचारलं. "फर्स्ट क्लास," ती म्हणाली, आणि सोमाजीने गोपालच्या पाठीवर थाप मारली, उजव्या हाताने, कारण डाव्या हाताच्या शिरेत मशीनच्या सुया होत्या.

मार्चच्या सुरुवातीला उन्हं चटके द्यायला लागली. एका सकाळी तिसऱ्या चकरेत सोमाजी थांबला, पोट धरून वाकला आणि आंबट पाणी ओकला. गोपाल शेजारी उभा राहिला. पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, फिरवला नाही. सोमाजीने तोंड पुसलं आणि वर पाहून हसला. "तुले पोचू आठवते का?" गोपालला आठवत होता. गावातल्या ढिवरांत एक रीत होती. तलावात मोठं जाळं ओढायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि मासोळीचे वाटे पडायचे ते तिथंच पाळीवर, तलावाच्या बांधावर. आजाऱ्यालाही वाटा मिळायचा. जाळ्याला हात लावला नाही तरी मिळायचा. अट एकच, आपल्या पायांनी पाळीवर चढून यायचं. घरी पडून राहिला त्याला काही नाही. वाटे टाकायचा तो पोचू म्हातारा, आणि त्याची नजर घारीची. गोपाल अकरा वर्षांचा असताना मलेरियाने दोन महिने अंथरुणाला खिळला होता. सतरा वर्षांच्या सोमाजीने त्याला पाठुंगळी घेऊन पाळीच्या पायथ्यापर्यंत आणलं आणि तिथं खाली ठेवलं. म्हणाला, इथून तू. वर चढायला बारा-पंधरा पावलं असतील. गोपाल रडला, दोनदा पडला, ओकला, आणि सोमाजी दोन हात मागे बांधून शेजारून चालत राहिला, बोटसुद्धा लावलं नाही. गोपालला त्या दिवसाची मासोळी आठवत नव्हती. आठवत होते ते पाठीमागे बांधलेले हात, आणि असं आठवत होतं की त्या दिवशी हा माणूस मेला असता तर आपल्याला चाललं असतं.

"तवा मी तुले हात लावला असता ना," सोमाजी म्हणत होता, "तं पोचूनं तुहा वाटा कापला असता. मले कळत होतं तू मले शिव्या देऊन राह्यला. पन वाटा भेटला ना! आता तू मले तसाच चालवून राह्यला. मी बी शिव्या देतो तुले मनातल्या मनात." तो पुन्हा हसला. "असंच कोनाले काई भेटत नाई गा. एवढी मोठी चीज तू देऊन राह्यला, अंगातली. आपल्या पायानं चालत जाऊन घ्या लागते. स्ट्रेचरवर पडून घेतली तं ते भीक झाली." म्हणजे हा यासाठी चालत होता. गोपाल त्याला चालवत होता ते द्यावी लागू नये म्हणून, आणि हा चालत होता ती घ्यायला आपण लायक व्हावं म्हणून. एकाच वाटेवर, एकाच वेळी, एकमेकांच्या श्वासाला श्वास लावून, दोघे दोन उलट्या गावांना निघाले होते. बोलायची वेळ होती तर हीच, हे त्याला स्पष्ट कळलं; इतकं स्पष्ट त्याला आयुष्यात फार थोडं कळलं होतं. पाळीवरचा तो अकरा वर्षांचा पोरगा मात्र त्याच्या आत अजून ओकत होता, आणि त्या पोराला कुणी हात दिला नव्हता. "चल," गोपाल म्हणाला, "अर्धी चक्कर राह्यली."

पुढच्या आठवड्यात व्हरांड्यातले शंकू पुन्हा मांडले गेले. सहा मिनिटांत चारशे बारा मीटर, एकदाही न थांबता. इतर पेशंटांचे नातेवाईक उठून पाहत होते, एका सिस्टरने टाळी वाजवली. सोमाजीने घामाघूम चेहऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो गोपालला. "आता करतीन ना ऑपरेशन?" गोपाल म्हणाला, करतीन. आणि त्या चारशे बाराचा कागद त्याने मागून घेतला, रबरी शिक्क्यासकट.

नागपुरात, जिथं ऑपरेशन व्हायचं होतं, देणाऱ्याला एकट्याला आत बोलावतात. इंदुताई म्हणून तिथल्या समुपदेशक होत्या, पिकलेल्या केसांच्या, अतिशय साध्या. त्यांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? गोपालने फाईल उघडली. नोव्हेंबरचे एकशे नव्वद, मार्चचे चारशे बारा, प्रश्नावलीचे गुण, पावलांचे आकडे. तो चांगला पाव तास बोलला. भाऊ किती सुधारला, खातो कसा, झोपतो कसा, ओझं वाटतं का विचारलं तर कधीच नाही म्हणतो, बघा इथं खूण. इंदुताईंनी कागद पाहिले, हलवून सरळ केले आणि त्याच्यापुढे परत ठेवले. "गोपालराव, यातलं काहीच मला लागत नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर नाही म्हणायचं, एवढं पुरतं. कारण विचारायचा मला हक्कसुद्धा नाही. बाहेर आम्ही इतकंच सांगू की तपासण्यांमध्ये तुम्ही बसत नाही. घरच्यांना कधी कळणार नाही." गोपालने कागद गोळा केले. तीन महिने पहाटे उठून जमवलेले कागद, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. "ते बरे आहेत म्हणून मी..." तो म्हणाला. "हो ना," इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कसलाही राग नव्हता, त्यामुळे त्याला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "मग, नाही लिहू?" त्याने होकारार्थी मान हलवली. तोंडाने शब्द नाहीच काढला.

डॉक्टरांनी सोमाजीला ते बेताच्या शब्दांत सांगितलं. तुमच्या भावाची किडनी आम्हाला घेता येणार नाही, तपासणीत बसत नाही. मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत तुमचं नाव घालू, वेळ लागेल, पण चालणं सोडू नका. परतीच्या बसमध्ये सोमाजी खिडकीशी बसला. बुटीबोरी गेली, जांब गेलं. गोपालने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं आणि आत त्याला पिसासारखं हलकं वाटत होतं. बरगडीखालचं ते भूत उतरलं होतं, कुशीवर वळायला जागा झाली होती. वरोऱ्याला बस थांबली तेव्हा त्याच्या मांडीवर हात पडला. त्याने डोळे उघडले. सोमाजी रडत होता. बाप गेला तेव्हा रडला नव्हता तो माणूस, मशीनची पहिली सुई टोचली तेव्हाही नाही. "दुखते का?" सोमाजीने विचारलं. "कुठी?" "इथी." सोमाजीने गोपालच्या डाव्या कुशीला अगदी हलक्या हाताने बोटं लावली. "तुह्यीबी खराब झाली ना. मले कळलं. आपन घाबरू नये म्हनून डॉक्टर गोड बोलून राह्यला. आपल्या घरान्यातच असंन रे. आधी मी, आता तू." गोपालला हसू येईल की काय अशी भीती वाटली. नाही म्हणायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "थोडी थोडी दुखते."

मग काय, एका खोटेपणाला दुसऱ्याचा टेकू. सोमाजीने घरी आल्या आल्या सांगितलं आणि ज्योत्स्ना तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या ताटातलं मीठ बंद केलं. तूप गेलं, लोणचं गेलं. दोन भावांपुढे दोन सारख्या बेचव वाट्या यायला लागल्या. गावाहून गिरजाचा फोन आला. "भाऊजी, माह्या माणसापायी तुमी आपलं दुखनं लपवून ठेवलं ना?" असं म्हणून तिने असा हंबरडा फोडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. ऑफिसात साहेबांनी त्याला खालच्या मजल्यावर टेबल दिलं, जिने चढायला नकोत म्हणून. लोक पहिल्यापेक्षाही जास्त मान द्यायला लागले. द्यायला निघालेला आणि स्वतःच आजारी निघालेला माणूस, याहून थोर काय असतं? गोपालला आता खडखडीत भूक लागायची, आणि खोट्या दुखण्याला शोभेल म्हणून तो अर्ध्या भाकरीवर उठायचा.

आणि पहाटे साडेपाचला सोमाजी त्याला हलवून उठवायला लागला. "चल गा. बसला का बसलाच." एप्रिल लागला होता, साडेसहाच्या पुढे बागेत उभं राहवत नव्हतं. सोमाजी पुढे, गोपाल मागे. सोमाजी दर चार पावलांनी वळून पाहायचा, दम लागला का, पाय सुजले का. पाय खरे सुजलेले असायचे ते सोमाजीचे. सोमवारपर्यंत त्याच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहायचा. पण हा माणूस पहिल्यापेक्षा ताठ चालत होता. त्याला काम मिळालं होतं. रुपालीला त्याने पायडल भावासाठीही मागितलं. त्याच्या एक लिटरातलं अर्धा पेला पाणी तो बाटलीत घालून आणायचा आणि दुसऱ्या चकरेनंतर गोपालपुढे धरायचा. गोपाल ते प्यायचा. नाही प्यायलं तर सोमाजीला वाईट वाटलं असतं.

एका गुरुवारी ते बागेच्या फाटकातून आत शिरत होते तेव्हा गोपालचा फोन वाजला. इतक्या सकाळी इंदुताई. माफ करा, म्हणाल्या, पण परवापासून चुटपुट लागली आहे. सोमाजीभाऊ परवा डायलिसिस सेंटरच्या फोनवरून बोलले माझ्याशी. यादीसाठी त्यांचे सगळे कागद तयार आहेत, सही तेवढी हवी. ते सही करत नाहीत. म्हणतात, माझ्या जागी माझ्या भावाचं नाव घाला, तो लहान आहे, त्याच्यामागे संसार आहे, मी चालू शकतो, माझं भागते. त्याचं नाव लागल्याशिवाय मी अंगठासुद्धा देणार नाही म्हणतात. मग त्या म्हणाल्या, "मला त्यांना काहीच सांगता येत नाही, गोपालराव. मी तुम्हाला शब्द दिलाय. हे फक्त तुम्हीच सांगू शकता. महिना-दोन महिने गेले की त्यांच्या तपासण्या जुन्या होतील, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि त्यांची तब्येत तेवढं थांबेलच असं नाही. आज दुपारपर्यंत मला कळवा." गोपाल म्हणाला, बघतो.

सोमाजी दहा पावलांवर उभा होता, हातात ती बाटली. "कोनाचा फोन?" "ऑफिसचा." दोघे चालायला लागले. एक वाक्य पुरे होतं. भाऊ, मले काई झालं नाई. एवढं एकच वाक्य, आणि मग सोमाजी सही करणार होता, यादीत नाव लागणार होतं, कदाचित जगणार होता. गोपालने ते वाक्य तोंडात आणून ठेवलं. पहिल्या वळणापर्यंत ते तिथं होतं. मग त्याला गिरजाचा हंबरडा ऐकू आला, ज्योत्स्नाचं तोंड दिसलं, साहेब दिसले, समाजाचा मेळावा दिसला, आणि सगळ्यांच्या पुढे सोमाजीचा चेहरा दिसला, हे ऐकल्यावरचा. रागावलेला दिसला असता तर चाललं असतं. तो चेहरा रागावलेला नव्हता. गोपाल काय बोलतोय ते समजून घ्यायचा तो नुसता प्रयत्न करत होता. दुसऱ्या वळणावर गोपाल थांबला. "भाऊ," तो म्हणाला. सोमाजी लगबगीने परत आला. गोपालने तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, "दम लागला."

"तरी मले वाटलंच," सोमाजी म्हणाला. त्याने बाकड्यावरची धूळ आपल्या दुपट्ट्याने झटकली, गोपालला दंडाला धरून बसवलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. "बस तू. हालू नको. तुह्यी चक्कर मीच मारून येतो." आणि तो निघाला, सुजलेले पाय आपटत, भरभर, मागे एकदा वळून हात करत. ऊन वर आलं होतं. बाकड्यावर झाडाची सावली होती, पाणी गार होतं, आणि गोपालला, खरं सांगायचं तर, बसून बरं वाटलं.